गॅस संपत नाही, गळतो!

मंडळी, मार्च लागला की प्रत्येक गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "साहेब, एसीचा गॅस संपलाय, भरून देतो." आपण मान डोलावतो, पैसे देतो, गार हवेत घरी येतो. पुढच्या मार्चला पुन्हा तेच! मीही दोन उन्हाळे हेच केलं. चार वर्षं इंजिनिअरिंग करून. लाज वाटली पाहिजे.

अहो, गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो जळत नाही, संपत नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, इव्हॅपोरेटर अशा बंद चक्रात तोच तो फिरतो. रबरी होज आणि सीलमधून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो, मान्य. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी भोक आहे. भोक न शोधता गॅस भरणं म्हणजे मेमरी लीक असलेला सर्व्हर रोज रात्री रिस्टार्ट करणं. (आपण तेही करतो म्हणा :))

यंदा एका छोट्या गॅरेजवाल्या काकांनी पहिल्यांदा बंपर उतरवला. कंडेन्सर रेडिएटरच्याही पुढे असतो, त्यामुळे हायवेवरची खडी पहिली त्यालाच लागते. खालच्या कोपऱ्यात तेलकट, धूळ चिकटलेला डाग. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं, म्हणून गळतीपाशी असा डाग पडतो. म्हणजे दोन वर्षं मी कॉम्प्रेसरचं आयुष्यही थेंबाथेंबाने घालवत होतो! शेजारीच गिअरबॉक्सच्या ऑइल कूलरलाही लाल ओल. गाडी ऑटोमॅटिक. ते तेल कमी झालं असतं तर गिअरबॉक्सच्या बिलापुढे एसीचं बिल चिल्लर वाटलं असतं. आणि हे दोन वर्षं कुणी बघितलंच नाही, कारण बंपर काढायला वेळ लागतो.

दोन्ही बदलले. काकांनी उरलेला गॅस मशीनने ओढून घेतला, हवेत सोडला नाही. नव्या ओ-रिंगा, नवा ड्रायर (आत ओलावा राहिला तर तेलाशी मिळून आम्ल होतं), नायट्रोजनच्या दाबाने तपासणी, मग व्हॅक्यूम, आणि शेवटी बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम गॅस. वजन करून. गिअरबॉक्सचं तेलही पातळी बघून पुरं केलं.

"पण कंडेन्सर महाग, गॅस स्वस्त ना राव!" स्वस्त कुणाला? माझ्या गाडीतला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या किमान १३०० पट तापवतो. असे वायू कमी करायचा करार २०१६ मध्ये किगालीला झाला, भारताने तो २०२१ मध्ये मंजूर केला. आणि आपण? गाडी गार ठेवायला दरवर्षी तो हवेत सोडतोय. बाहेर ऊन वाढलं म्हणून कुरकुरतोय ते वेगळंच.

गॅरेजवाल्यांना शिव्या देणं सोपं आहे. पण ते आपण मागतो तेच विकतात. गाडी आत घेतल्याबरोबर आपला पहिला प्रश्न काय असतो? "किती वेळ लागेल?"

या उन्हाळ्यात तो प्रश्न गिळा. "गळतंय कुठे?" एवढंच विचारा. दाखवता येत नसेल, तर गाडी बाहेर काढा.