जरा इकडे बघा!

लग्नघरात शेवटचा शब्द कोणाचा? वधूपित्याचा? मुळीच नाही. भटजींचा? तेही आता घड्याळाकडे बघत गप्प उभे असतात. शेवटचा शब्द फोटोग्राफरचा! 'जरा इकडे बघा', 'हार पुन्हा एकदा घाला', असे त्याने म्हणावे आणि एरवी कुणाला न जुमानणाऱ्या मामांनीही निमूटपणे मान तिरकी करावी.

ही शिस्त जुनी आहे. १८३९ साली दागेर या फ्रेंच गृहस्थाची छायाचित्रणाची रीत जगापुढे आली, तेव्हा एका छबीसाठी काही मिनिटे निश्चल बसावे लागे. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू लावीत! पुढे १९२५ साली लायका नावाचा हातात मावणारा कॅमेरा बाजारात आला आणि हलत्याबोलत्या माणसाला पकडणे सोपे झाले. कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने तर हेच आपले व्रत मानले. कुणाला उभे करायचे नाही, दिव्याचा लखलखाट करायचा नाही; क्षण आपणहून जुळून येईल त्याची वाट पाहायची. १९५२ साली त्याचे पुस्तक निघाले. टेकू केव्हाच गेला. आपली मान मात्र अजून ताठच आहे.

आता अंतरपाटाचेच पाहा. शेवटचे मंगलाष्टक संपते, 'सावधान' होते, अक्षता उडतात, आणि पाट बाजूला होताच दोघे एकमेकांकडे पाहतात. हे पाहणे निमिषभराचे. जाणता फोटोग्राफर त्याआधीच बाजूला जागा धरून उभा असतो. तिथून दोन्ही चेहरे दिसतात आणि पाहुण्यांचीही आड येत नाही. त्याला कॅमेऱ्याइतकेच विधीही ठाऊक हवेत. कानपिळीला नवरीचा भाऊ केव्हा पुढे सरसावणार, हे कळले तरच पिळणाऱ्याचा आव आणि पिळला जाणाऱ्याचे हसू एका चौकटीत येते. चुकलेला अंतरपाट पुन्हा धरता येतो. ती नजर पुन्हा येत नाही.

आमच्या घरी १९७४ सालचा, माझ्या आईवडिलांच्या लग्नाचा अल्बम आहे. काळी पाने, चिकटवलेले कोपरे, मध्ये पातळ कागद. सगळ्या फोटोंत आजोबा काठी गिळल्यासारखे उभे. शेवटच्या पानावर मात्र एक तिरका, किंचित अस्पष्ट फोटो आहे. पाठवणीची गर्दी पुढे गेली आहे आणि मागे मांडवाच्या खांबाआड आजोबा उपरण्याच्या टोकाने डोळे पुसत आहेत. फोटोवाल्याने तो 'फुकट गेलेला' म्हणून वेगळा ठेवला होता; आजीने मागून घेतला. आई सांगते, "बाबा रडले होते, हे मला तो फोटो हाती आला तेव्हा कळले." आजोबा त्याविषयी जन्मात कधी बोलले नाहीत. आईला त्यांची जी माया कळली, ती त्या फुकट गेलेल्या फोटोमुळे.

तेव्हा रिळात छत्तीस फोटो. प्रत्येक जपून काढावा लागे. आता एका लग्नाचे हजारो निघतात. 'कँडिड' म्हणून त्याचे वेगळे पैसेही मोजले जातात. पण तिथेही 'मी इथे नाहीच असे समजून हसा' अशी आज्ञा होते, तेव्हा हसावे की रडावे हे कळत नाही! आणि सहजतेच्या नावाखाली प्रत्येक अश्रूवर भिंग रोखणे हाही उद्धटपणाच. कुठे कॅमेरा खाली घ्यावा हे ज्याला कळते, त्याच्याच हाती तो शोभतो. तसा फोटो निघालाच, तर ज्याचे अश्रू त्याला विचारल्यावाचून तो गावभर फिरवू नये.

वाचकहो, दिवाळी सरली की तुळशीचे लग्न, आणि मग माणसांची लग्नसराई. फोटोवाला ठरवाल तेव्हा त्याला पाने किती, हे जरूर विचारा. पण घरातली माणसेही सांगा. ही आजी, हिने नातीसाठी मुंडावळ्या ओवल्या आहेत. हा धाकटा भाऊ, वरवर थट्टा करतो, पण बहिणीवाचून त्याचे पान हलत नाही. मग त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या, आणि आपापले मोबाईल खिशात ठेवा. भटजींचे 'सावधान' एकट्या वधूवरांसाठी नसते. ते आपल्या साऱ्यांसाठीच आहे.