धीराची सक्ती

कर्करोगाचे उपचार संपवून माणूस घरी परतला, की आमचा सुशिक्षित समाज त्याजवर एक नवे कर्तव्य लादतो, ते म्हणजे हसतमुख राहण्याचे. ‘झाले गेले विसरा, मन खंबीर ठेवा, म्हणजे रोग पुन्हा फिरकणार नाही,’ असे येणारा-जाणारा बजावीत असतो. हा उपदेश प्रेमापोटी होत असेल. परंतु तो निराधार आहे आणि निर्दयही आहे, असे आम्हांस स्पष्ट म्हणावयाचे आहे.

निराधार अशासाठी, की मनाच्या उल्हासाने कर्करोग्याचे आयुष्य वाढते यास भक्कम पुरावा नाही. डोके व मान यांच्या कर्करोगाच्या सुमारे अकराशे रुग्णांची एक पाहणी अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झाली. भावनिक स्वास्थ्य व जगण्याचा काळ यांत तीस काही संबंध आढळला नाही. आणि निर्दय अशासाठी, की उद्या रोग उलटलाच तर ‘धीर सोडला’ हा दोषही रोग्याच्याच माथी यावयाचा!

कोणी विचारील, मग मनाची काळजी घ्यावी तरी कशाला? माणसास मिळालेले आयुष्य सुखाने जगता यावे, हे कारण पुरेसे नाही काय? तपासणीच्या आदली रात्र जागून काढणाऱ्यास उपदेशक नको असतो, ऐकणारा हवा असतो.

पुण्यास हे नवीन नव्हे. १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी येथे ‘मुक्तांगण’ काढले, तेव्हा व्यसन सुटले म्हणजे काम संपले असे मानले नाही. बाहेर पडलेल्यांचा पाठपुरावा व कुटुंबीयांस आधार हा त्यांनी उपचाराचाच भाग ठरविला. त्या अनिताबाई १९९७ साली कर्करोगानेच निवर्तल्या. मुंबईच्या टाटा रुग्णालयानेही लहानपणी कर्करोगातून बरे झालेल्यांसाठी १९९१ सालीच स्वतंत्र दवाखाना उघडला.

तेव्हा आमचे मागणे अवास्तव नाही. प्रत्येक कर्करोग रुग्णालयाने फेरतपासणीच्या वेळी गाठीबरोबर झोप, भीती व घरातील ताण यांचीही विचारपूस करून नोंद ठेवावी. बरे झालेल्यांची दरमहा बैठक भरवावी. तीस एक खोली, चार सतरंज्या व एक जाणता समुपदेशक पुरे. आणि घरच्या मंडळींनी निदान एवढे करावे, की ‘मला भीती वाटते’ असे कोणी म्हणताच त्याचे बोलणे मध्येच तोडू नये.