वज्रमुष्टी, बॉक्सिंग की कराटे?

आगाशीत भवानीशंकराच्या तळ्याकाठी परवा आम्हां मित्रांत वाद रंगला: बॉक्सिंग, कराटे, मुए थाई यांपैकी खऱ्या झुंजीत सरस काय? एकाने ठणकावले, ‘आपल्या मर्दानी खेळापुढे सारे फिके!’ अभिमान समजू शकतो; पण मर्दानी खेळ मुख्यतः शस्त्रांचा आहे. दांडपट्ट्याची ठोशाशी तुलना कशी करणार?

तुलनाच करायची, तर वज्रमुष्टीशी करावी. बडोद्यात गायकवाडांच्या दरबारी ज्येष्ठीमल्ल ही झुंज खेळत. एका मुठीत शिंगाचे अणकुचीदार हत्यार, दुसरा हात मोकळा. १८६०च्या दशकात लुई रुसले या फ्रेंच प्रवाशाने तिचे अंगावर काटा आणणारे वर्णन लिहून ठेवले आहे. माझ्या मते लक्षणीय आहे तो मोकळा हात! हाती इतके घातक हत्यार असूनही मल्ल नुसत्या प्रहारावर विसंबत नसत. पकड घेत, पेच टाकत.

म्हैसूरच्या दसऱ्यात ही झुंज आजही होते, पण पहिले रक्त दिसताच थांबते. रुसलेने पाहिलेली झुंज तशी थांबत नव्हती. कला तीच, नियम बदलताच तिचा परिणाम बदलला.

१९९३ साली डेन्व्हरला अगदी मोजक्या नियमांची पहिली यूएफसी स्पर्धा झाली. तीही जिंकली हॉइस ग्रेसी या जिउ-जित्सूवाल्याने, म्हणजे पकडीच्या जाणकाराने.

म्हणून केवळ प्रहारकलांपुरता माझा कौल मुए थाईला. कोपर आणि गुडघ्यांबरोबरच उभ्याने धरलेली पकडही तिच्या नियमांत बसते.