दोन प्रोसेसर थंड, बोर्ड तापलेलाच

डेटा सेंटरमधून बाहेर पडलेले दोन प्रोसेसरचे सर्व्हर बोर्ड आता ॲनिमेशनच्या छोट्या स्टुडिओंत, कॉलेजच्या प्रयोगशाळांत, क्वचित घरीही दिसतात. एवढे कोअर आणि एवढी रॅम त्या किमतीत नवी मिळत नाही. नडतो तो आवाज. १-यू उंचीच्या चपट्या सर्व्हरमधले ४० मिलिमीटरचे पंखे मिनिटाला १५-२० हजार फेरे घेतात, आणि त्या खोलीत बसून काम करणं अशक्य होतं. म्हणून लोक पाण्याकडे वळतात. वळणं योग्यच आहे. पण पाणी पोचतं फक्त दोन प्रोसेसरपर्यंत, आणि उरलेल्या बोर्डाची आठवण कुणालाच राहत नाही.

ज्याची भीती वाटते ते खरं तर किरकोळ आहे. प्रोसेसरवर बसणारे पाण्याचे दोन ब्लॉक एकाच नळीवर ओळीने जोडले तर दुसऱ्या प्रोसेसरला पहिल्याचं गरम पाणी मिळेल, ही ती भीती. हिशेब करून पाहा. एएमडीचा एपिक ७७४२ हा २२५ वॉटचा प्रोसेसर. मिनिटाला ३ लिटर पाणी फिरत असेल, तर पहिला ब्लॉक ओलांडताना ते जेमतेम १ अंशाने तापतं. हवेचं तसं नाही. सेकंदाला २० लिटर हवा खेळवली तरी ती ९ अंशांनी तापते, आणि सॉकेट एकामागे एक असतील तर मागच्याच्या वाट्याला हीच तापलेली हवा येते. तेव्हा नळी खुशाल ओळीने फिरवा. दोन फाटे काढून प्रवाह समान वाटत बसण्याची गरज नाही.

खरा धोका बाजूला आहे. समोरून मागे जोरदार वारा वाहणार, हे गृहीत धरूनच सर्व्हर बोर्ड आखलेला असतो. प्रोसेसरला वीज देणारे व्हीआरएम, रॅमच्या १६ पट्ट्या, नेटवर्कची चिप हे सगळे त्याच वाऱ्यावर जगतात. तो बंद केला की प्रोसेसर गार दिसतो आणि शेजारचा व्हीआरएम भाजत असतो. डीडीआर-४ रॅम ८५ अंशांच्या वर गेली तर तिला दुप्पट वेगाने रिफ्रेश करावं लागतं, नाही तर तिच्यातली माहिती बिघडू शकते. रात्रभर चाललेलं सिम्युलेशन पहाटे कोसळतं, आणि दोष मात्र सॉफ्टवेअरला दिला जातो.

माझा आग्रह आहे की पंखे काढू नका, बदला. १२० मिलिमीटरचे दोन-तीन पंखे संथ चालवा, त्यांचा झोत थेट रॅम आणि व्हीआरएमवरून जाऊ द्या. पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा केला तर वीज एक अष्टमांशावर येते, आणि आवाजही पडतो.

इथे बोर्डावरची बीएमसी, म्हणजे देखरेख करणारी चिप, आडवी येते. संथ पंखा तिला बंद पडल्यासारखा वाटतो. ती सगळे पंखे पूर्ण वेगाने सोडते, आकडा सुधारला की शांत होते, पुन्हा घाबरते. आयपीएमआयटूल या सॉफ्टवेअरने बीएमसीतली वेगाची खालची मर्यादा उतरवली की हा खेळ थांबतो. पंपाची वेग सांगणारी तार मात्र बोर्डाला जोडाच. पंप थांबला तर पहिली हाक तिथूनच यायला हवी.

मुंबई-कोकणातले वाचक पावसाळ्यातल्या दवाची काळजी करतात. ती पाणी खोलीपेक्षा थंड करणारा चिलर लावणाऱ्यांनी करावी. नुसत्या रेडिएटरचं पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही, त्यामुळे दव धरत नाही. काळजी करायची ती धातूंची. तांब्याचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजू लागतं. आणि शुद्ध पाणी वीज वाहत नाही, या भरवशावर राहू नका. आठवड्याभरात त्यात पुरेसे क्षार उतरलेले असतात.

म्हणून पहिल्यांदा पाणी भराल तेव्हा बोर्डाला वीज देऊ नका. वेगळ्या पॉवर सप्लायवर फक्त पंप चालवा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा आणि २४ तास वाट पाहा.