जुन्या भिंतीला नवा शेजार

घर लहान पडू लागले, की अंगणात पत्र्याची शेड उभी राहते. ‘तात्पुरती’ म्हणून आलेली ही शेड मग वर्षानुवर्षे हलत नाही. लंडनच्या किंग्ज क्रॉस रेल्वे स्टेशनाचेही तसेच झाले. लुइस क्यूबिट यांनी रचलेले हे स्टेशन १८५२ सालचे. दर्शनी भाग साधा, पण देखणा : पिवळसर विटांच्या दोन भव्य कमानी आणि मधोमध घड्याळाचा मनोरा. १९७०च्या दशकात गर्दी वाढली, तेव्हा त्याच्यापुढेच एक बसकी इमारत बांधली गेली. तीही तात्पुरतीच! तिने चाळीस वर्षे कमानींचा खालचा भाग झाकून ठेवला.

वास्तुविशारद जॉन मॅकॅस्लन यांनी नवे दालन पुढे न आणता पश्चिमेच्या बाजूला घेतले. ते मार्च २०१२मध्ये खुले झाले. काम सोपे नव्हते. जमिनीखाली भुयारी रेल्वेचे तिकीटघर, त्यामुळे हवे तिथे खांब रोवता येईनात; आणि जुन्या भिंतीवर तर भार टाकायचाच नव्हता. म्हणून भिंतीजवळून पोलादी जाळीचे एक प्रचंड नरसाळे वर चढवले. तेच पसरत जाऊन अर्धवर्तुळाकार छत झाले. कडेला झाडांसारखे १६ खांब. छत भिंतीच्या शेजारी आहे, पण तिच्यावर टेकलेले नाही. गंमत म्हणजे, नवे छत पाहायला आलेल्याची नजर जुन्या विटांवरच रेंगाळते.

पुढची ‘तात्पुरती’ इमारत त्यानंतर पाडली. २०१३मध्ये तिथे मोकळा चौक झाला आणि दोन्ही कमानी रस्त्यावरून पुन्हा पूर्ण दिसू लागल्या.