मोडीत काढण्याची घाई

‘एवढा पगार असताना जुनी गाडी कशाला? आणि घेतलीच, तर स्वतः तिच्याखाली कशाला शिरता?’ हा प्रश्न आम्हांला ब्रह्मपुरीत वारंवार विचारला जातो. मराठीच्या प्राध्यापकांनी उत्तरपत्रिकांतील चुका दुरुस्त कराव्यात. ब्रेक दुरुस्त करणे हे त्यांचे काम नव्हे, असा त्यामागील सिद्धान्त आहे. क्रियापद एकच, प्रतिष्ठा मात्र वेगवेगळी! हा सिद्धान्त आम्हांला मान्य नाही.

गोठ्याशेजारी वर्षानुवर्षे उभी असलेली मारुती ८०० आमच्या भागाला अपरिचित नाही. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या या गाडीचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. अशी पडून राहिलेली गाडी ‘संपली’ म्हणणारे बहुधा तिचे बॉनेटही उघडून पाहत नाहीत. उघडले, तर टाकीतल्या शिळ्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसलेला आढळतो. वायरी उंदरांनी कुरतडलेल्या असतात. पारा ४५ अंशांपलीकडे नेणाऱ्या इथल्या उन्हाळ्यांनी रबरी होज पाइप कडक झालेले असतात आणि ब्रेक ऑइलने हवेतली ओल शोषलेली असते. यांतील प्रत्येक दोषाला कारण आहे आणि बहुतेकांना उपायही. क्रम तेवढा सांभाळायचा: गाडी चालेल का हे पाहण्यापूर्वी ती थांबेल याची खात्री करायची. टायरची नक्षी शाबूत दिसली, तरी त्याच्या कडेवरचे चार आकडे वाचायचे. ‘२३१२’ म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. असा टायर बदलायचाच. हेही वाचनच आहे. फरक इतकाच, की इथे अर्थ चुकीचा लावला तर गाडी सुरू होत नाही. समीक्षेत अशी कसोटी लागत नाही, म्हणून तिथे आमचे चालून जाते.

आता धोरणाकडे वळू. जुनी वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आले. कागदोपत्री त्याचा आधार वाहनाची योग्यता हाच आहे. परंतु १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० करण्यात आले. निगा राखलेली गाडी आणि धूर ओकणारी गाडी यांना शुल्क एकच. कारण ते अवस्था पाहत नाही, जन्मतारीख पाहते.

जुनी गाडी अधिक प्रदूषण करते, हा आक्षेप खोटा नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेली कार्बोरेटरची गाडी नव्या गाडीइतकी स्वच्छ होणार नाही. दिल्लीसारख्या शहरात वेगळा नियम असावा, हेही आम्ही समजू शकतो. पण नव्या गाडीचे पोलादही भट्टीतूनच येते. तो धूर आमच्या अंगणात दिसत नाही, एवढेच. आमची मागणी साधी आहे: चाचणी कठोर घ्या, नापास झालेली गाडी खुशाल मोडीत काढा, पण पास झालेलीला वयाचा दंड लावू नका.

मात्र धोरणापेक्षा आमचा राग आमच्याच वर्गावर अधिक आहे. हाताने शिकणे हेही शिक्षण आहे, हा विचार ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आमच्याच विदर्भात, गांधीजींनी मांडला. ‘नई तालीम’वर आम्ही व्याख्याने देतो आणि पान्याला हात लावणाऱ्या सहकाऱ्याला हसतो. बलुतेदारीने कसब असणाऱ्याला खालची पायरी दिली. पदव्या घेऊनही आम्ही ती पायरी झिजू दिली नाही. म्हणूनच साहित्यसंमेलनाच्या मानधनावर तक्रार करणारा माणूस गॅरेजमध्ये मिस्त्रीच्या मजुरीवर घासाघीस करतो. बसलेले व्हील सिलिंडर एकदा स्वतः सोडवून पाहावे. मजुरीचे मोल आपोआप कळते.

प्रत्येकाने मेकॅनिक व्हावे, असे आमचे म्हणणे नाही. ब्रेकचे काम नवख्याने जाणकाराच्या नजरेखालीच करावे, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली शिरू नये. पण जी वस्तू आपण कधी उघडून पाहिली नाही, तिला निरुपयोगी ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? तो विक्रेत्याने दिला असेल, तर त्याच्या हिशेबात पुढची निरुपयोगी वस्तू कोणती, हेही आपण विचारून ठेवावे.