सांथीच्या काळांतील बेकारी आणि आपला जमीनधारक वर्ग

शेतमजुरास काम मिळतें कीं नाहीं, आणि काम नसेल त्या दिवसांत त्याच्या घरीं चूल कशी पेटते, हा प्रश्न सरकारचा आहे, फार तर शहरांतील अर्थशास्त्रज्ञांचा आहे, आपला नव्हे, अशी समजूत आपल्या जमीनधारक बंधूंत पुष्कळ रूढ आहे. २०२० सालच्या कोविडच्या सांथीनें ती समजूत साफ खोटी ठरविली. परंतु सांथ ओसरली, मजूर पुन्हां गांवाबाहेर गेले, आणि तो सारा प्रकार आपण एखाद्या वाईट स्वप्नासारखा मागें टाकला. पुढची सांथ केव्हां येईल हें कोणीच सांगूं शकत नाहीं. ती येईल, एवढें मात्र इतिहासावरून निश्चित दिसतें. तेव्हां हंगामाच्या घाईंतून थोडी फुरसत आहे तोंच या विषयाचा विचार करून ठेवणें बरें, असें आम्हांस वाटतें.

प्रथम घडलें काय तें पाहूं. २४ मार्च २०२० रोजीं रात्रीं देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली व त्याच मध्यरात्रीपासून ती अमलांत आली. मुदत २१ दिवसांची सांगितली होती. ती पुढें वाढतच गेली. कारखाने, बांधकामें, खाणावळी, हातगाड्या, सर्व एका रात्रींत थांबलें. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाजवळ आठ-पंधरा दिवसांहून अधिक शिल्लक क्वचितच असते, आणि खोलीचें भाडें तर टाळेबंदीसाठीं थांबत नाहीं. त्यामुळें गाड्या बंद असतांही लोक पायीं निघाले. ८ मे रोजीं पहांटे, तेव्हांच्या औरंगाबाद जिल्ह्यांत करमाडजवळ, रुळांवर निजलेले १६ मजूर मालगाडीखालीं सांपडून ठार झाले. जालन्याच्या पोलादाच्या कारखान्यांत राबणारीं तीं मध्यप्रदेशचीं माणसें गाडी मिळेल या आशेनें भुसावळकडे चाललीं होतीं. मजुरांसाठीं खास आगगाड्या १ मे पासून सुटूं लागल्या होत्या. पण अर्ज, दाखला व यादी यांची वाट पाहणें ज्यास परवडलें नाहीं, त्यास त्यांचा उपयोग झाला नाहीं.

आपल्याकडेही याहून फारसें निराळें नव्हतें. बीडकडील व आसपासच्या जिल्ह्यांतील लाखाहून अधिक ऊंसतोड मजूर कारखान्यांच्या तळांवर अडकून पडले होते. त्यांस गांवीं जाण्याची परवानगी एप्रिलच्या मध्यानंतर मिळाली. कोंकणांत चाकरमानी परतले, तेव्हां त्यांस चौदा चौदा दिवस शाळेच्या इमारतींत राहावें लागलें, आणि कित्येक गांवांनीं वेशीवर लांकडें आडवीं टाकून आपल्याच माणसांस अडविलें. भीति समजण्यासारखी होती. तरी ज्या गांवास त्यांची मनिऑर्डर इतकीं वर्षें चालली, त्या गांवास तीं माणसें चालूं नयेत, हें आम्हांस बरें वाटलें नाहीं.

हें सर्व प्रथमच घडलें असें नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली, तेव्हांही गिरणी कामगार असेच कोंकण व घाटमाथा गांठण्यास निघाले, आणि १८९७ च्या आरंभीं जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झाली होती. गिरण्या चालू ठेवण्याकरितां मालकांस तेव्हां मजुरी रोजच्या रोज चुकती करावी लागली. एरवीं महिना महिना पगार अडकवून ठेवण्याची त्यांची रीत होती. त्याच वर्षीं दख्खनमध्यें दुष्काळ होता, म्हणजे परतलेल्यांच्या नशिबीं गांवींही दुष्काळी कामावर खडी फोडणेंच आलें. १९१८ सालीं इन्फ्लुएंझा आला, तोही पाऊस फसलेल्या वर्षींच. रोग व उपासमार यांची गांठ अशी वारंवार पडते, आणि शहरानें ज्यांस बाहेर काढलें त्यांस पोटाशीं धरण्याचें काम दर वेळीं शेतीकडेच येतें.

तें काम शेतीनें २०२० सालींही केलें, व त्याचा हिशेब सरकारी पाहणींत नमूद आहे. देशांत काम करणाऱ्या माणसांपैकीं शेतीवर असलेल्यांचें प्रमाण २०१८-१९ मध्यें शेंकडा ४२.५ होतें, तें २०१९-२० मध्यें ४५.६ व २०२०-२१ मध्यें ४६.५ झालें. कित्येक वर्षें हळूहळू उतरत आलेला आंकडा दोन वर्षांत उलट चढला. शेतीनें देश तारला, असें तेव्हां जो तो म्हणूं लागला, व आपणही ती स्तुति आनंदानें ऐकून घेतली. आम्हांस ती पचली नाहीं. तीन एकरांच्या तुकड्यावर दोन भाऊ राबत होते. तेथें पुण्याहून तिसरा व सुरतेहून चौथा आला, म्हणून जमीन कांहीं सहा एकर झाली नाहीं. चौघेही कामावर आहेत अशी नोंद झाली. काम मात्र दोघांचेंच होतें आणि भाकरीही दोघांचीच. बेकारी गेली नव्हती, ती आपल्या बांधाआड जाऊन बसली होती.

बेकारांस मदत म्हणून त्या काळीं ज्या योजना होत्या, त्यांचा लाभ कोणास झाला हें पाहिलें म्हणजे खरी अडचण ध्यानांत येते. कर्मचारी राज्य विमा योजनेंत नोंद असलेल्या कामगाराची नोकरी सुटली, तर त्यास ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या शेंकडा २५ इतका भत्ता देण्याची सोय २०१८ पासून होती. २४ मार्च २०२० पासून सांथीच्या काळापुरता तो शेंकडा ५० करण्यांत आला. भविष्यनिर्वाह निधींतून तीन महिन्यांचा पगार किंवा खात्यांतील तीन-चतुर्थांश रक्कम, यांपैकीं कमी असेल ती, उचलण्याची मुभा मिळाली. पण हा तर ज्याचा त्याचाच पैसा. नोंदणी झालेल्या बांधकाम मजुरांस राज्य सरकारनें एप्रिलमध्यें २,००० रुपये देऊं केले. जनधन खातें असलेल्या स्त्रियांस एप्रिल ते जून दरमहा ५०० रुपये मिळाले, आणि शिधापत्रिकेवर माणशीं ५ किलो धान्य मोफत मिळूं लागलें. या धान्यानें असंख्य घरें वांचलीं, हें मोकळ्या मनानें कबूल केलें पाहिजे. परंतु रोख मदत म्हटली कीं प्रत्येक ठिकाणीं प्रश्न एकच, नोंद आहे काय? मुकादमामार्फत राबणाऱ्या माणसाचें नांव कोणत्याच वहींत नव्हतें, आणि देशांत बहुसंख्य मजूर याच जातीचे. ६ जुलै २०२० रोजीं राज्यानें 'महाजॉब्स' नांवाचें नोकऱ्यांचें संकेतस्थळ उघडलें, तें शिकलेल्या व हातीं चांगला फोन असलेल्या तरुणांपुरतें ठीक होतें. असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी २६ ऑगस्ट २०२१ रोजीं सुरू झाली, म्हणजे दुसरी लाट ओसरल्यावर. तहान लागून गेल्यावर विहीर खणली. तरी खणली हें बरेंच झालें.

खेड्यांत मात्र एक वही अशी होती कीं तींत कोणाही प्रौढ स्त्रीपुरुषाचें नांव चढूं शकत होतें. ती रोजगार हमीची. ही कल्पना आपल्याच मातींतली आहे. वि. स. पागे यांनीं सांगली जिल्ह्यांत तासगांव तालुक्यांतील विसापूर येथें तिचा प्रथम प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळांत ती राज्यभर पसरली. आणि १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. तिच्या खर्चासाठीं शहरांतील पगारदारांवर व्यवसायकर बसला, तसा आपल्या शेतसाऱ्याबरोबर रोजगार हमीचा उपकरही आला. म्हणजे ही योजना कोणाची भीक नव्हे. तींत आपलाही पैसा आहे. २००५ सालीं केंद्रानें हेंच तत्त्व देशभर लागू केलें. सांथीच्या वर्षीं अंदाजपत्रकांतील ६१,५०० कोटी रुपयांवर मे महिन्यांत आणखी ४०,००० कोटींची तरतूद करावी लागली. त्या वर्षांत सुमारे ११ कोटी माणसांनीं या कामांवर रोज भरले, व कामाचे एकंदर दिवस ३८९ कोटींवर गेले. आपल्या राज्यांत रोज २३८ रुपये होता. आंकडे मोठे आहेत, पण घरटीं सरासरी काढली तर ती ५१-५२ दिवसांचीच येते, आणि वचन १०० दिवसांचें होतें.

त्याच कायद्यांत बेकारभत्त्याचेंही कलम होतें. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम न मिळाल्यास पहिले ३० दिवस मजुरीच्या निदान चौथा हिस्सा व पुढें निदान निम्मी रक्कम राज्य सरकारनें द्यावी, असें तें होतें. कलम चांगलें, पण तें सारें एका कागदावर टेकलेलें. काम मागितल्याची तारीख घातलेली पोच हातीं असेल तरच पंधरा दिवस मोजतां येतात. गांवोगांव जो 'नमुना ४' म्हणून ओळखला जातो तो मागणीचा अर्ज, काम मंजूर झाल्यावरच, मागाहून भरून घेण्याची रीत आम्हीं पाहिलेल्या गांवांत सर्रास होती. काम नाहीं तर अर्ज नाहीं; अर्ज नाहीं तर मागणी नाहीं; आणि मागणीच नाहीं तर भत्ता कशाचा? यांत एखाद्या रोजगारसेवकास दोष देऊन भागणार नाहीं. ज्याच्या तिजोरींतून भत्ता जावयाचा, त्याच्याच नोकरानें पोच द्यावयाची, अशी रचना असली म्हणजे पोच सुखासुखीं मिळत नाहीं.

आतां आपल्या वर्गाकडे वळूं. 'रोजगार हमीनें मजूर माजले, ऐन पेरणींत माणूस मिळत नाहीं,' हें गाऱ्हाणें आपल्या प्रत्येक बैठकींत निघतें. त्यांत मुळींच तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. हाताशीं दुसरें काम असलें म्हणजे मजूर दराची घासाघीस करतो, व वेळेवर खुरपणी न झाल्यास पीक हातचें जातें, हें आम्हांसही ठाऊक आहे. पण त्याच रोजगार हमींतून कोणाच्या शेतांत काय उभें राहिलें, याचीही जंत्री मांडावी. १९९० पासून या योजनेच्या पैशानें फळबागा लागल्या. कोंकणांतील आंबा-काजूच्या किती कलमांचे खड्डे त्या मजुरीवर खणले गेले, तें तेथील बागाइतदार जाणतात. सिंचन-विहिरी, शेततळीं, बांधबंदिस्ती हीं कामें झालीं तीं जमीन असणाऱ्यांच्या जमिनींत झालीं. मजुरास चार दिवसांचा रोज मिळाला, विहीर आपल्याकडे राहिली. असें असतां कुरकुर आपणच करावी, हें विचित्र आहे.

मजूर दुरावला म्हणजे काय होतें, तें पंजाबांत त्याच उन्हाळ्यांत दिसलें. बिहारचे मजूर टाळेबंदींत घरीं गेलेले. जूनमध्यें भातलावणी तोंडावर आली. लावणीचे दर भडकले. कांहीं शेतकऱ्यांनीं पदरच्या खर्चानें बसगाड्या पाठवून माणसें आणविलीं, व पुष्कळांनीं लावणी सोडून यंत्रानें थेट भात पेरला. तेथील शेतकरी सधन होता, त्याला हें जमलें. आपल्या कोरडवाहू भागांतील पांच एकरवाल्यास कोणती बसगाडी परवडणार? मजूर उपाशी राहून गांव सोडून गेला, तर तो पुढच्या पेरणीला येईलच याची हमी कोणी देऊं शकत नाहीं.

डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें जुन्या कायद्याच्या जागीं नवा कायदा संमत केला. त्यांत १२५ दिवसांचें वचन आहे, बेकारभत्त्याचें तत्त्व कायम आहे, आणि पेरणी-कापणीच्या हंगामांत वर्षाकांठीं ६० दिवसांपर्यंत कामें बंद ठेवण्याची तरतूदही आहे. ते दिवस कोणते, हें राज्य सरकारांनीं जाहीर करावयाचें. आपल्यापैकीं अनेकांस ही मनासारखी गोष्ट झाली असें वाटतें. परंतु २०२० सालीं कामाची सर्वांत मोठी मागणी आली ती जून महिन्यांत, म्हणजे नेमकी पेरणीच्या दिवसांत, कारण शहरांतून परतलेला लोंढा तेव्हांच गांवीं पोंचला होता. त्या जूनमध्यें कामें बंद असतीं तर ती मागणी कोठें जाती? आपल्या शेतांत तितकें काम नव्हतें. म्हणून सांथ किंवा दुष्काळ जाहीर होतांच बंदीचे दिवस आपोआप रद्द व्हावेत, अशी मागणी शेतकऱ्यांच्या संघांनींच सरकारकडे करावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. मजुरांनीं ती केली तर तिच्याकडे दुर्लक्ष होईल. आपण केली तर ऐकली जाण्याचा संभव आहे, कारण हंगामी बंदी आपल्या नांवानेंच आलेली आहे.

दुसरें काम आपल्या हातांतलें आहे व त्यास सरकारची परवानगी लागत नाहीं. प्रत्येक गांवीं संघाच्या एका सभासदानें एक साधी वही ठेवावी. गांवांतील कोण कोठें कामास गेला आहे, शिधापत्रिका कोठली, ई-श्रमची नोंद व बँकेचें खातें आहे कीं नाहीं, आणि बाहेर काम बंद पडलें तर किती माणसें परततील, एवढें तींत असावें. ग्रामसभेंत कामांची यादी ठरते तेव्हां आपण बहुधा घरीं बसतों. त्या दिवशीं ही वही घेऊन तेथें जावें, आणि निदान दोन महिने पुरतील इतकीं कामें आधींच मंजूर करून ठेवावींत. नाल्यांतील गाळ काढणें, पाणंद रस्ते, गायरानावरील वृक्षलागवड, अशीं सर्वांच्या उपयोगाचीं कामें प्रथम घ्यावींत. विहिरींची घाई आपोआप होते. कोणी काम मागावयास आला, तर त्याचा अर्ज लिहून द्यावा व त्याच्याबरोबर कचेरींत जाऊन तारखेची पोच घ्यावी. जमीनदार माणूस शेजारीं उभा असला म्हणजे पोच लवकर मिळते, हा अनुभव आहे. त्याचा एवढा तरी सदुपयोग व्हावा.

या वहींत कोणते रकाने असावेत याचा एक नमुना संपादकांनीं पुढील अंकीं छापावा, अशी आमची विनंती आहे.